सरांची सोळा राज्यं

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण हाती पडलं आणि आधी आठवले ते इतिहासाचे सर. नाव लिहायची गरज नाही. आमच्या तुकड्यांसाठी ‘सर’ म्हणजे तेच.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा धडा पुस्तकात वॉशिंग्टनपाशी संपायचा. “खरी परीक्षा तर पुढेच आहे,” असं म्हणून सरांनी तेव्हा सत्तेत असलेला फेडरलिस्ट पक्ष आणि जेफरसनचे रिपब्लिकन यांचं वैर असं उभं केलं की वर्गातही दोन तट पडले. १७९८ च्या राजद्रोह कायद्याखाली तुरुंगात गेलेला रिपब्लिकन प्रतिनिधी मॅथ्यू लायन तिथूनच पुन्हा निवडून आला, हे ऐकून आम्ही बाकं बडवली होती.

१८०० च्या अध्यक्षीय निवडणुकीत निर्वाचकांना अध्यक्ष आणि उपाध्यक्षासाठी वेगळं मत देता येत नव्हतं, म्हणून जेफरसनला आणि त्याच्याच पक्षाच्या आरन बरला सारखीच, ७३ मतं पडली. निवाडा प्रतिनिधिगृहाकडे, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे गेला. जेफरसनला रोखायला फेडरलिस्ट बरच्या मागे उभे राहिले. तिथे दर राज्याला एक मत आणि जिंकायला सोळापैकी नऊ राज्यं. सरांनी सोळा बाकांची सोळा राज्यं केली. बाकावर फूट पडली की मत वाया. मेरीलँड आणि व्हरमाँटवाले आपसांत भांडतच राहिले. तिथल्या आजारी प्रतिनिधी निकल्सनला बर्फातून उचलून आणलं होतं, म्हणून मेरीलँडचा एक जण आडवा पडून मत देत होता. डेलावेअरचा प्रतिनिधी एकटा जेम्स बायर्ड, फेडरलिस्ट. ते बाक माझं. जेफरसन आठ, बर सहा, दोन वाया. पुन्हा तेच. शाळा सुटली तरी सर थांबेनात. ३६ व्या फेरीला त्यांनी माझ्या हातात कोरा कागद ठेवला. “बायर्डने विरोधकाला मत दिलं नाही, पण वाट अडवणं सोडलं.” मेरीलँड आणि व्हरमाँटचे फेडरलिस्टही बाजूला झाले, जेफरसनला दहा राज्यं मिळाली आणि ४ मार्च १८०१ ला सत्ता शांतपणे दुसऱ्या पक्षाकडे गेली.

आज मी उपजिल्हाधिकारी आहे. मतमोजणीच्या टेबलाशी कार्यकर्ते हातघाईवर आले की ते बाक हमखास आठवतं. एका ग्रामपंचायतीत समान मतं पडली, चिठ्ठी काढावी लागली. हरलेल्या उमेदवाराने जिंकलेल्याच्या गळ्यात हार घातला, तेव्हा हे सरांना सांगायला हवं होतं असं फार वाटलं. सर तोवर गेले होते.

आता तो वर्ग पाडून तिथे संगणक कक्ष झालाय, याचं वाईट वाटतं. महोत्सव समितीला माझी विनंती आहे: नव्या इमारतीत इतिहासाची एक खोली सरांच्या नावाने ठेवा. सोळा बाकांचा खर्च माझ्याकडे.