तिसरी वही: चिखलकालो, माटोळी, मिठागर आणि दर

माझ्या फोटोग्राफीच्या वहीचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, आषाढातल्या द्वादशीला होतं. तीन वर्षांपूर्वी वापरलेला कॅमेरा विकत घेतला आणि त्यातून पहिले फोटो काढले ते गोव्यातल्या माशेलच्या चिखलकाल्यात, म्हणजे पावसात चिखलात खेळायच्या सणात, देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात. तेव्हापासून कॅमेरा बाहेर काढला की घरी येऊन चार गोष्टी लिहून ठेवते: उजेड कसा होता, काय फसलं, किती तास गेले, किती पैसे आले. आता तिसरी वही संपलीय. तासांचा रकाना भरायला सगळ्यात जास्त कंटाळा यायचा, आणि त्यानेच मला सगळ्यात जास्त शिकवलं. ज्यांनी नुकता कॅमेरा घेतलाय, किंवा घेऊ का नको करत बसलेत, त्यांच्यासाठी या वहीतलं थोडं.

काल्यापासूनच सुरुवात करते. एकादशीला देवळात अखंड भजन चालतं, आणि दुसऱ्या दिवशी अंगाला तेल चोपडून माणसं मैदानात उतरतात. पाऊस असतोच. पहिल्या वर्षी झूम लेन्स घेऊन दोरीबाहेर उभी राहिले, तर सगळे फोटो एकाच तोंडाचे आले: दूरवर तपकिरी माणसांचा घोळका. यंदा फक्त ५० मिमी एफ १.८ ही एकच, झूम न होणारी लेन्स नेली आणि मैदानाच्या कडेला उकिडवी बसले, म्हणजे कॅमेरा पोरांच्या खांद्याला आला. आभाळ भरलेलं, म्हणून आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) १६००, छिद्र (लेन्सचं उजेड आत घेणारं तोंड) एफ ४, शटर सेकंदाचा हजारावा भाग. एका पोराने मूठभर चिखल वर उडवला तेव्हा बटण दाबलं. त्या फोटोत चिखलाचे गोळे हवेत लटकलेत, तेलकट पाठीवरून पाण्याच्या धारा वेगळ्या वेगळ्या वाहताना दिसतात, आणि मागे त्याचे आजोबा हसताहेत, डोळे गच्च मिटून. वर्षभरातला माझा सगळ्यात आवडता फोटो हाच.

कॅमेऱ्याला संरक्षण काय होतं? जाड प्लॅस्टिकची पिशवी, तिला लेन्सपुरतं भोक, आणि लेन्सच्या हुडावर, म्हणजे तोंडाला लावायच्या कडेवर, घट्ट रबरबँड. हूड लावाच. पावसात निम्मे थेंब तोच अडवतो. आणि मैदानात लेन्स बदलायची नाही, कितीही मोह झाला तरी.

सामान काय घ्यावं, हे मला सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं. माझं मत पक्कं आहे: बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, वापरलेली घ्या, लेन्सवर पैसे घाला, आणि पहिलं वर्ष दोन लेन्सच्या पुढे जाऊ नका. बॉडीसोबत आलेली १८-५५ आणि एक ५० एफ १.८, एवढ्यावर माझी दोन वर्षं गेली. मात्र लहान सेन्सरच्या (उजेड टिपणाऱ्या चिपच्या) कॅमेऱ्यावर ५० मिमी साधारण ७५ सारखी दिसते, म्हणजे चौकटीत कमी मावतं, त्यामुळे जुन्या घराच्या देवघरात पाठ भिंतीला टेकते तरी गणपती चौकटीत मावत नाही. तुमचे फोटो मुख्यतः घरातले असतील तर ३५ मिमी घ्या. वापरलेली बॉडी घेताना शटर किती वेळा पडलंय ते तपासून घ्या. आणि लेन्स घेताना मागून टॉर्च मारून तिरक्या कोनातून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर हात लावू नका.

हे मी सांगते कारण माझ्याच कपाटात तशी एक लेन्स आहे. पहिल्या पावसाळ्यात चामड्याच्या पिशवीत घालून ती लाकडी कपाटात ठेवली, आणि थेट चवथीच्या आदल्या दिवशी काढली. आतल्या काचेवर बुरशीने नक्षी काढली होती. साफ करून आणली, पण बुरशीने खाल्लेला काचेवरचा लेप परत येत नाही. समोरून ऊन आलं की आजही त्या फोटोत धुरकट डाग पडतो. गोव्यात जून ते सप्टेंबर हवेत पाणीच असतं. तेव्हा रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर, एवढं पहिल्याच महिन्यात घ्या. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला की बुरशी धरत नाही. दाण्यांचा रंग बदलला की तापवून परत वापरता येतात, पण निळे दाणे असतील तर स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, त्यात कोबाल्टचं क्षार असतं. आणखी एक: एसीच्या खोलीतून एकदम अंगणात कॅमेरा काढला तर काचेवर दव धरतं. पिशवी बंद ठेवूनच अर्धा तास बाहेर राहू द्या, मग उघडा.

आता माटोळी. गणपतीवर टांगलेली ती लाकडी चौकट, तिला नारळ, सुपारीचे घड, आंब्याचे टाळे, कवंडळं आणि रानातून शोधून आणलेली किती तरी फळं. आमच्या पाहुण्यांकडे, सावईवेऱ्याला, दोन दिवस आधीपासून बांधणी चालते. सगळे जण बांधून झालेल्या माटोळीचा फोटो काढतात. खरा विषय बांधणीत आहे: सुंभाची गाठ मारताना मामांच्या दातांत धरलेलं टोक, शिडीखाली वर बघत उभी असलेली मामी. यंदा मी तीच मालिका केली, चौदा फोटोंची.

तांत्रिक अडचण अशी की फ्लॅश छतावर मारून उजेड खाली आणायची युक्ती तिथे चालत नाही, कारण वर कौलं, धुराने काळी झालेली. सगळा उजेड तीच गिळतात. मी फ्लॅश पाठीमागच्या पांढऱ्या भिंतीवर वळवला आणि खिडकीचा उजेड दुसऱ्या बाजूने राहू दिला. आरतीच्या वेळी एलईडीच्या माळांमुळे फोटोत आडवे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे जवळजवळ जातात. समईचा पिवळेपणा मात्र घालवू नका. व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा सांभाळणारी सेटिंग) ‘ऑटो’वर ठेवला की कॅमेरा तो धुऊन टाकायला बघतो आणि देवघर दवाखान्यासारखं दिसायला लागतं. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा, घरी बसून थोडा पिवळा परत द्या. आणि देवळात गर्भगृहाचा फोटो विचारल्याशिवाय काढायचाच नाही.

त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीवर नावा सोडतात, तिथे गेले होते. गर्दीत ट्रायपॉड लावायला जागा मिळाली नाही, हाती फारसं काही लागलं नाही. पुढच्या वेळी सूर्य मावळायच्या आधी जागा धरायची, एवढंच लिहून ठेवलंय.

कल्पना सुचत नाही म्हणणाऱ्यांना माझा एकच सल्ला: एक जागा धरा आणि तिथेच परत परत जा. मी पेडण्यातली आगरवाड्याची मिठागरं धरली. जानेवारीपासून पावसापर्यंत सहा वेळा गेले. पहिल्या फेरीत सगळं मीठ फोटोत मळकं राखाडी आलं. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर बिचारा समोरची प्रत्येक गोष्ट मध्यम राखाडी धरून चालतो, त्याला पांढरं माहीत नाही. एक्स्पोजर एक घर वर नेलं, म्हणजे उजेड दुप्पट घेतला, तेव्हा मीठ मिठासारखं दिसलं. तिसऱ्या फेरीत कळलं की सकाळी सातला वाफ्यातल्या पाण्यात आभाळ दिसतं आणि नऊनंतर ते जातं. चौथ्या फेरीत लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढणाऱ्या एका काकांनी स्वतःहून हाक मारली: “फोटो काड, पूण मागीर म्हाका दाखय.” (काढ, पण नंतर मला दाखव.) पहिल्याच दिवशी त्यांच्यासमोर कॅमेरा धरला असता तर हातच थांबले असते त्यांचे. चौथ्या वेळी ते काम करत राहिले, तळपायाच्या भेगांत अडकलेलं मीठसुद्धा टिपता आलं. मळ्यातल्या, म्हणजे पणजीच्या फोंतेन्यातल्या रंगीत भिंतींपुढे रोज शेकडो फोटो निघतात आणि तिथल्या राहणाऱ्यांना त्याचा ताप होतो. आपल्या घरापासून पाऊण तासावर काय आहे ते बघा ना.

आता पैसे. यावर मोकळेपणाने कोणी बोलत नाही, म्हणून मी माझे आकडे उघडे ठेवते.

पहिली मुंज मी ३,००० रुपयांत केली. वाटलं, छंदाचे वर पैसे मिळतात, आणखी काय हवं. वहीत मात्र हिशेब असा निघाला: तिथे पाच तास, जाण्यायेण्यात दोन, निवडण्यात चार, संपादनात आठ. एकूण १९ तास. पेट्रोलचे ३०० वजा केले तर तासाला १४२ रुपये. त्यात कॅमेऱ्याची झीज धरलेलीच नाही. त्या रात्री मला फार वाईट वाटलं, कारण दर मीच सांगितला होता, आणि त्यानंतर त्याच घराण्यातल्या दोघांनी तोच दर गृहीत धरून फोन केले.

मग नीट मांडलं. बॉडी ४२,०००, लेन्स १८,०००, फ्लॅश ६,०००, कार्डं आणि हार्ड डिस्क ९,०००, मिळून ७५,०००. हे सामान चार वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला १८,७५०. वर्षाला मी पंधराच कामं घेते, नोकरी सांभाळून तेवढीच जमतात. म्हणजे एका कामामागे १,२५०. प्रवास आणि किरकोळ खर्च ६००. संपादनाचा हात बसल्यामुळे आता १६ तास लागतात. तासाला ४०० धरले तर ६,४००. बेरीज ८,२५०. घरगुती समारंभाला आज माझा हा दर आहे. लग्नं मी घेत नाही, त्याला दुसरा माणूस आणि दुसरी बॉडी लागते. तुमचे आकडे वेगळे येतील, पण मांडणी हीच ठेवा. शेजारचा किती घेतो हे विचारून दर ठरवलात तर त्याचे खर्च तुमच्या डोक्यावर बसतात.

दर सांगितल्यावर गप्प राहायला शिका. पूर्वी मी समोरच्याने काही म्हणायच्या आतच “पण कमी-जास्त करू” म्हणायचे. आता स्वस्त हवं असेल तर तास कमी करते, तासाचा भाव नाही. निम्मे पैसे आगाऊ घेते. हा नियम नव्हता तेव्हा केलेल्या एका मोठ्या समारंभाचे निम्मे पैसे अजून यायचे आहेत, आणि त्या घरच्यांशी रस्त्यात भेट झाली की त्यांच्याआधी मलाच अवघडल्यासारखं होतं.

किती फोटो देणार, कधी देणार, रॉ देणार नाही, जास्तीच्या तासाचे किती, हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून समोरच्याचं ‘हो’ घेते. त्यात एक ओळ हक्कांची घालते, आणि ती तुम्हीही घाला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १७ असं सांगतं की कोणी पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो पैसे देणारा, वेगळा करार नसेल तर. मला हे दोन वर्षं माहीत नव्हतं. मी काढला म्हणजे माझाच, अशी समजूत होती. आता लिहून घेते की घरगुती वापर त्यांचा, हक्क माझा, आणि त्यांना विचारल्याशिवाय मी कुठेही टाकणार नाही. मुलांचे फोटो तर मुळीच नाही.

फुकट काय करते? गावचा कालो, आणि मिठागर. जूनच्या पहिल्या आठवड्यात, आगरात पाणी भरायच्या आधी, त्या काकांना आठ बाय बाराचा प्रिंट नेऊन दिला. मोबाइलवर दाखवला असता तर दोन सेकंद बघून परत दिला असता. कागद त्यांनी हात पुसून, कडेला धरून घेतला आणि बराच वेळ स्वतःच्या पायांकडेच बघत राहिले. मग म्हणाले, “म्हज्या बापायचो असो एक फोटो ना.” (माझ्या बापाचा असा एकही फोटो नाही.) त्यांची आई नव्वदीला आलीय. तिचा फोटो काढायला येत्या रविवारी बोलावलंय. घर कौलारू, खिडकी पूर्वेला, म्हणजे सकाळी आठच्या आत पोचायला हवं. नव्या वहीचं पहिलं पान तेच आहे, ३५ मिमी कोणाकडून तरी मागून न्यायचीय, आणि दराच्या रकान्यात आत्ताच आडवी रेघ मारून ठेवलीय.