कुठेही चालेल

मॅरेथॉनच्या स्वयंसेवकांना कामं वाटून द्यायचं काम मी नऊ वर्षं करते आहे. अर्जात एक रकाना असतो, ‘कोणतं काम आवडेल?’ पुरुष तिथे स्पष्ट लिहितात: मार्गावर, वॉकी-टॉकीसह, सगळ्यात पुढच्या मोटरसायकलवर. पहिलंच वर्ष असलं तरी लिहितात. बायका बहुतेक वेळा लिहितात, ‘कुठेही चालेल’. मग माणसं कमी पडतात तिथे त्यांना मी टाकते: बिब (छातीवरचा धावपटूचा क्रमांक) वाटप, सामानाचा तंबू, पाण्याची टेबलं, पदकं. खेळांतल्या स्वयंसेवेच्या अभ्यासांतही हेच दिसतं. प्रशिक्षक, पंच आणि समितीवर पुरुष जास्त, नोंदणी आणि खानपानाला बायका जास्त. मला कोणी तसं करायला सांगितलेलं नव्हतं. सगळी यादी माझ्याच हातची.

पाण्याचं टेबल म्हणजे हलकं काम नव्हे. पेले अर्धेच भरायचे, थरांमध्ये पुठ्ठा घालायचा, पेला वरच्या कडेला चिमटीत धरायचा आणि धावणाऱ्याच्या वेगाबरोबर हात मागे न्यायचा, तरच पाणी सांडत नाही. पहिल्या टेबलावर झुंबड उडते, म्हणून तिथल्यांनी ‘पुढेही पाणी आहे’ असं सतत ओरडत राहायचं. एवढं करूनही या लोकांना आम्ही वॉकी-टॉकी देत नव्हतो आणि वैद्यकीय प्रशिक्षणाला बोलवत नव्हतो. ती अर्ध्या तासाची माहिती फक्त मार्गावर लक्ष ठेवणाऱ्या मार्शलसाठी असायची.

गेल्या शर्यतीत ३२ किलोमीटरच्या टेबलापाशी एक धावपटू आली. सुरुवात होऊन पाच तास उलटले होते. तिला उलटी झाली, कितवा किलोमीटर चालू आहे ते सांगता येईना. मार्शल म्हणाला, ‘ऊन लागलंय, पाणी पाजा.’ टेबलावरच्या पन्नाशीच्या बाई म्हणाल्या, ‘पाणी देऊ नका. बोटं सुजलीत, घड्याळाचा पट्टा रुतलाय. प्रत्येक टेबलावर पीत आलेय असं ती स्वतःच सांगतेय. डॉक्टरांना बोलवा.’ तो म्हणाला, ‘ताई, एवढ्या उन्हात पाणी नाही तर काय देणार?’ आणि स्वतःच्या हाताने दोन पेले पाजले. वॉकी-टॉकी त्याच्या खांद्यावर होता. शेवटी बाईंनी ओळखपत्रामागचा माझा नंबर बघून फोन लावला आणि रुग्णवाहिका मी पाठवली. मधली दहा मिनिटं गेली ती गेलीच.

वैद्यकीय तंबूत तिचं रक्त तपासलं तर सोडियम १२२. ते १३५च्या वर हवं. साधं पाणी फार प्यायल्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि मेंदूला सूज येऊ शकते. हे आमच्या क्षेत्रात नवीन नाही. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यातल्या १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. धोका कोणाला जास्त होता? चार तासांहून जास्त वेळ लागलेल्यांना आणि धावताना वजन वाढलेल्यांना. आमची धावपटू नेमकी तशी होती. शिरेतून तीव्र मिठाचं द्रावण दिल्यावर ती संध्याकाळपर्यंत नीट बोलायला लागली.

रात्री मी बाईंचा अर्ज उघडला. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं: अतिदक्षता विभागात परिचारिका, २२ वर्षं. कामाच्या रकान्यात: कुठेही चालेल. मी फक्त दुसरा रकाना वाचला होता.

मार्शलवर मला सगळं ढकलता येत नाही. ऊन लागणं आम्हीच त्याला शिकवलं होतं, हे शिकवलं नव्हतं. पण बाईंचं बोलणं त्याने ऐकलंच नाही, याचा राग अजून आहे. पाणी देणारी बाई वैद्यकीय काही सांगेल हे त्याच्या मनातच आलं नाही, आणि तिला तिथे उभी मीच केली होती.

नंतर मी त्यांना विचारलं, तुम्ही वॉकी-टॉकी का मागितला नाहीत? त्या म्हणाल्या, ‘मागायचा असतो हे कुठे माहीत होतं?’

आता तो रकाना काढला आहे. त्याऐवजी ‘तुम्हाला काय येतं?’ असा प्रश्न आहे. प्रत्येक टेबलाला वॉकी-टॉकी मंजूर करून घ्यायला समितीत तीन बैठका लागल्या. तिथेही एक जण म्हणालाच, पदकं द्यायला बायकाच ठेवा, फोटो छान येतात.

त्या मार्शलचा या वर्षीचा अर्जही आला आहे. नव्या प्रश्नापुढे त्याने लिहिलंय, ‘३२ किमी, वॉकी-टॉकीसह’. त्याच्यापुढची जागा मी अजून भरलेली नाही.