राजा मुक्कामाला येतो तेव्हा

आपल्या शाळेत सरंजामशाही शिकवताना फळ्यावर तीन गोष्टी असत: जमीन, लष्करी चाकरी आणि वेठ. त्याच तासांनी मला मध्ययुगीन युरोपच्या अभ्यासाकडे वळवलं. ते ऋण मानून, सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत मी चौथी गोष्ट मांडतो. कुळानं धन्याला घरी उतरवून घ्यायचं आणि त्याला, त्याच्या माणसांना, घोड्यांना पोटभर खाऊ घालायचं, हे ते बंधन. कित्येकदा ते खंडापेक्षाही जड जाई.

याचं मूळ वाहतुकीत आहे. धान्य बैलगाडीनं लांब न्यायचं तर वाटेत बैलांना आणि गाडीवानाला त्यातलंच लागतं. खेड्यात रोख नाणंही कमी. म्हणून राजाच लवाजमा घेऊन अन्नाकडे जाई आणि कोठार संपलं की पुढचं गाव गाठी.

किती द्यायचं, ते दक्षिण इंग्लंडमधल्या वेसेक्स राज्याचा राजा इनी (688 ते 726) याच्या कायद्यात नेमकं सांगितलं आहे. 10 हाइड जमिनीमागे, म्हणजे ढोबळमानानं दहा कुटुंबांच्या जमिनीमागे, 10 पिंपं मध, 300 पाव, 12 अंबर वेल्श एल (एल म्हणजे एक प्रकारची बिअर) आणि 30 अंबर निवळ एल, 2 मोठ्या गाई किंवा 10 मेंढे, 10 हंस, 20 कोंबड्या, 10 चीज, एक अंबर लोणी, 5 सामन मासे, 20 पौंड वैरण आणि 100 ईल मासे. अंबर हे तेव्हाचं माप. ही यादी मला फार बोलकी वाटते. गुरं आणि हंस पायी हाकत नेता येतात. मध, चीज आणि धुरी दिलेले ईल टिकतात. खरी धावपळ पावांची. ते आधीपासून भाजून ठेवता येत नाहीत, त्यामुळे 300 पावांचं दळण, मळण आणि भट्टी ऐन वेळी जमवावी लागणार.

बिघडायचं ते पाहुण्यांच्या संख्येत. ठरले दहा आणि आले चाळीस, तर वैरण आधी संपते, कारण एका घोड्याला दिवसाला सुमारे 10 किलो चारा-दाणा लागतो. मराठी फौजांचा घासदाणाही याच गरजेतून आला. म्हणून कुळांचा खरा झगडा हद्द लिहून घेण्यासाठी असे: वर्षातून किती वेळा, किती रात्री, किती स्वार. दक्षिण फ्रान्सच्या लांगदोकमध्ये अल्बेर्ग नावाचं हे देणं 'इतक्या शिलेदारांचं' असं मोजून लिहीत. कुळाच्या दृष्टीनं तो आकडाच सगळ्यात मोलाचा.

पुढे जिनसांचे पैसे झाले. इंग्लंडच्या राजकोषातला अधिकारी रिचर्ड फिट्झनील यानं 12व्या शतकात जुने दर नोंदवले आहेत: 100 माणसांच्या पावाचा गहू 1 शिलिंग, एक बैल 1 शिलिंग, एक मेंढा 4 पेनी, 20 घोड्यांचा दाणा 4 पेनी. शेती बुडाल्याची खूण म्हणून शेतकरी नांगराचे फाळ घेऊन राजापुढे गाऱ्हाणं मांडायला येत, असंही तो लिहितो.

आयर्लंडमध्ये हे बऱ्याच उशिरा सुटलं. तिथे सरदार आपले भाडोत्री सैनिक आणि घोडे थेट कुळांच्या घरात उतरवत, आणि घरात सशस्त्र माणूस बसला असताना हिशेब मागणार कोण? कॉनॉट प्रांतात 1585 च्या करारानं अशा देण्यांऐवजी दर क्वार्टर जमिनीमागे, म्हणजे सुमारे 120 एकरांमागे, वर्षाला 10 शिलिंग ठरले.