धुक्यातला वासोटा

काल पहाटे साताऱ्याहून निघून बामणोलीच्या धक्क्यावर पोहोचलो, तेव्हा कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर इतके दाट धुके होते की लाँचचे पुढचे टोकही नीट दिसत नव्हते. पायथ्याच्या मेट इंदवलीला उतरल्यावर नोंद झाली, प्लास्टिकच्या बाटल्या मोजल्या गेल्या (ही शिस्त मला मनापासून आवडते) आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात असलेल्या या जंगलातून वासोटा किल्ल्याची चढण सुरू झाली.

एका वळणावर वाटाड्या मामांनी ओल्या मातीतला गव्याचा खूर काडीने दाखवला. ठशाच्या कडा अजून ढासळल्या नव्हत्या आणि तळाशी पाणी झिरपत होते. "पहाटंच गेलाय, हळू बोला," एवढेच ते म्हणाले.

१९६०च्या दशकात कोयना धरणाचे पाणी चढले, तेव्हा मामांच्या आजोबांचे घर त्याखाली गेले. माथ्यावर धुके विरल्यावर त्यांनी ती जागा बोटाने दाखवली आणि आम्ही सगळेच गप्प झालो. ज्या पाण्यावरून आम्ही हौसेने आलो, त्याच्या तळाशी कोणाची तरी शेते आहेत, हे ठाऊक असूनही आजवर असे जाणवले नव्हते. परतीच्या लाँचमध्ये मी त्याच बाजूला बसून राहिलो.