दहा गुंठे मका, हरणांच्या नावाने

दहा गुंठ्यांत मका लावून हरणं पोसता येतात असं ज्याला वाटतं, त्याने आधी एक हिशेब मांडावा. एकरी १०० बुशेल (अमेरिकेतलं धान्याचं माप) उतारा धरा. झाडांच्या कडेच्या तुकड्याला त्याहून जास्त धरूच नये. म्हणजे दहा गुंठ्यांत २५ बुशेल, साधारण ६३५ किलो दाणा. मोठं हरीण दिवसाला दोन-अडीच किलो सहज खातं. दहा जणांचा कळप रोज आला तर महिनाभरात शेत साफ. आणि हा हिशेब पीक पिकेपर्यंत उभं राहिलं तरचा. घोडं नेमकं तिथेच अडतं.

आम्ही अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्य भागात राहतो, माउंट होरेबच्या पुढे. या पट्ट्याला ड्रिफ्टलेस म्हणतात. हिमयुगातल्या हिमनद्या इथे फिरकल्याच नाहीत, म्हणून आमच्याकडे टेकड्या आणि घळी शिल्लक राहिल्या. घरामागे ओकची झाडी आहे आणि झाडीच्या खाली गवताचा एक तुकडा. शेजारच्या आजोबांनी जन्मभर दुधाचा धंदा केला, आता गाई विकल्यात आणि वर्षभर नोव्हेंबरची वाट बघतात. "बी माझं, ट्रॅक्टर माझा, जमीन तुझी," म्हणाले. "हरणांसाठी मका टाकू." हरणांसाठी म्हणजे शिकारीसाठी, हे मला सांगायची गरज नव्हती. इथे काही लोक अशा तुकड्याला भूतदयेचा मुलामा देतात, तो मला पटत नाही. हरणं कुठे येऊन उभी राहतील हे ठरवायला मका लावतात, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

माझं माहेर कर्जत तालुक्यातलं, रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्याच्या अंगाला. अभयारण्य सव्वादोन चौरस किलोमीटरसुद्धा पुरतं नाही, आणि काळवीट काही सातबारा बघून चरत नाही. ज्वारी वर आली की रात्री राखण ठरलेली. डबे वाजवायचे, बॅटरी मारायची, आरडाओरडा करायचा. यापलीकडे काही करायची सोय नाही, कारण १९७२च्या कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्यामुळे मक्याचं सांगायला माहेरी फोन केला तेव्हा आण्णा आधी गप्पच झाले. मग म्हणाले, "हरणासाठी पेरायचं? आन् मग राखण कुणाची करायची? मक्याची का हरणाची?"

हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न नव्हता तो. छोट्या तुकड्याचं सगळं गणित त्यातच आहे: हरणांसाठीचा मका आधी हरणांपासूनच राखावा लागतो.

मातीचं फारसं लांबवत नाही. शरद ऋतूतच माती तपासून घ्यावी, कारण आम्लता कमी करायला चुना टाकला तर तो मुरायला महिने लागतात. सामू ६ ते ६.५ असला की मका खूश. नत्राला मात्र मका अधाशी. एकरी १२० पौंड धरलं तर दहा गुंठ्यांना ३० पौंड नत्र, म्हणजे जवळजवळ ३० किलो युरिया. थोडा पेरणीला, उरलेला पीक गुडघ्याला लागल्यावर, तोही पाऊस तोंडावर असताना. कोरड्या मातीवर पसरून ठेवला तर बराचसा हवेत उडून जातो.

मातीचं तापमान १० अंश सेल्सियसच्या वर टिकायला लागलं की पेरायचं. आमच्याकडे ती वेळ मेमध्ये येते. आजोबांचा मोठा प्लांटर त्या तुकड्यात वळलाच नसता, म्हणून गोठ्यातून जुना दोन ओळींचा काढला. ओळींत ३० इंच, दोन रोपांत नऊ इंच, खोली दीड-दोन इंच. एकरी २३ हजारांच्या आसपास रोपं बसतात. इथले मका पिकवणारे ३०-३२ हजारांपर्यंत जातात, पण त्यांच्याइतकं खत आणि ऊन आपल्याकडे नसतं, आणि दाटी झाली की नुसती ताटं वाढतात, कणसं वांझ. बियाण्याच्या एका पोत्यात ८० हजार दाणे येतात आणि आपल्याला लागतात सहा हजारही नाहीत, तेव्हा नवं पोतं घेऊ नका. मोसम संपताना कोणाच्या तरी शेडमध्ये उरलेलं असतंच. बी औषध लावलेलं असतं, रंगावरून कळतं. हातमोजे घाला, आणि सांडलेले दाणे वर ठेवू नका, पाखरं टिपतात.

पहिला गिऱ्हाईक हरीण नव्हेच. कोंब वर आला की सँडहिल क्रेन येतात, माणसाच्या छातीला लागतील एवढे उंच क्रौंच, डोक्यावर लाल टिळा. जोडीने ओळ धरून चालतात, चोच मातीत खुपसतात आणि कोंबाच्या बुडाशी असलेला दाणा काढून खातात. कोंब तसाच बाजूला पडलेला. बाराबूला इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशन आहे, त्यामुळे या पक्ष्याबद्दल इथे प्रेम फार, आणि शेतकऱ्याच्या शिव्याही तेवढ्याच. बियाण्याला अँथ्राक्विनोन नावाचं औषध लावलं तर त्यांना दाणा बाधतो आणि ते त्याच शेतातले किडे खायला लागतात. पक्षी मरत नाही, पीकही वाचतं. मला हा तोडगा फार आवडला.

हरणांची खरी लूट जुलैअखेरीला, कणसाला केस फुटतात तेव्हा सुरू होते. कणसातल्या प्रत्येक दाण्याचा स्वतःचा एक केस असतो. तुऱ्यातला परागकण त्या केसावर पडला तरच तो दाणा भरतो. हरणाला हे कोवळे, ओलसर केस भयंकर आवडतात. ते ओळीतून चालत जातं आणि कणसाचं टोक केसांसकट खुडतं. बाहेरून ताट हिरवंगार, डौलदार. सप्टेंबरात साल सोलून बघावं तर आत बिट्टी, त्यावर तुरळक दाणे, म्हाताऱ्याच्या दातांसारखे. त्यातूनही वाचलेली कणसं दुधात आली की रॅकून, चट्टेरी शेपटीचा निशाचर प्राणी. तो ताट वाकवतो, साल फाडतो, दोन घास खातो आणि दुसऱ्या ताटाकडे वळतो. हरणाचं निदान पोट तरी भरतं. रॅकूनचा मला मनापासून राग येतो.

म्हणून कुंपण. आठ फुटी जाळीचा खर्च या तुकड्याला परवडत नाही. त्याऐवजी विजेच्या तारांच्या दोन रांगा, मध्ये तीन फूट अंतर. बाहेर एकच तार दीड फुटावर, आत दोन, दहा आणि चोवीस इंचांवर. हरीण उंच उडी मारतं, पण लांबीचा अंदाज त्याला नीट येत नाही, दोन रांगा बघून बिचकतं. तारांत वीज सोडणारं मशीन सौरऊर्जेवर चालतं. तारेला ॲल्युमिनियमच्या फॉइलवर पीनट बटर फासून लटकवायचं. हरीण नाक लावतं, झटका बसतो, आणि पुन्हा त्या बाजूला जात नाही. रॅकूनसाठी अगदी खाली, सहा इंचांवर, आणखी एक तार. खालचं गवत मात्र कापत राहावं लागतं, नाहीतर वीज गवतातून जमिनीत जाते. ऑक्टोबरात दाणा कडक झाला की कुंपण काढायचं.

मग कोणी म्हणेल, एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा मका विकत आणून ओतावा. तसं करता येत नाही. २००२ साली याच माउंट होरेबच्या परिसरातल्या हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज सापडला. मेंदूचा रोग, औषध नाही, लाळेतून आणि मलमूत्रातून पसरतो, आणि मातीत वर्षानुवर्षं राहतो. एका ढिगावर दहा तोंडं आली की संपलंच. म्हणून आमच्या काउंटीत दाणा टाकायला बंदी आहे. पेरलेलं उभं पीक चालतं. आणि दया म्हणून ऐन थंडीत ओतलेला मका हरणाला मारूही शकतो. तेव्हा त्याचं पोट काड्या-कोंबांवर चाललेलं असतं; अचानक पिष्टमय दाणा पडला की पोटात आम्ल वाढतं. धान्याच्या राशीत तोंड घातलेली गाय ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

मला कोणी विचारलं तर दहा गुंठ्यांत क्लोव्हर, म्हणजे तीन पानांचा बुटका चारा, लावा म्हणेन, किंवा ऑगस्टअखेरीला राय (गव्हासारखं धान्य) फेका. हरणांनी खुडलं तरी पुन्हा फुटतं, कुंपण नको, युरियाही जवळजवळ नको. मक्याची जागा एकर-दोन एकरांत, नाहीतर तारांच्या आत. एक मात्र कबूल: फुटभर बर्फात क्लोव्हर गाडलं जातं, मक्याचं कणीस वर उभं असतं.

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी बंदुकीचा नऊ दिवसांचा मोसम उघडतो. आजोबा केशरी जाकीट घालून झाडीत बसतात. हरीण मिळालं की तपासणीचा नमुना राज्याच्या खात्याकडे जातो, त्याचे पैसे पडत नाहीत, आणि रिपोर्ट स्वच्छ आल्याशिवाय ते मांसाला सुरी लावत नाहीत. जमिनीचा वाटा म्हणून थोडं आमच्याकडे येतं. मी काळा मसाला घालून रस्सा करते. नवरा माळकऱ्यांच्या घरातला, तो त्या दिवशी पिठलं मागतो.