किती देते?

गाडी घेतली म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, किती देते? मी पण आठ वर्षांपूर्वी हेच विचारून माझी छोटी हॅचबॅक घेतली, एक लिटरचं तीन सिलेंडरचं इंजिन, मॅन्युअल गिअर. ब्रोशरमध्ये लिटरला 24 लिहिलेलं आणि मी टाकी फुल टू फुल करून मोजलं तर 17 च्या वर कधी गेलीच नाही. सर्व्हिसिंगवाल्याशी तीनदा वाद घातला, एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, टायरमधली हवा दर पंधरा दिवसांनी तपासली (याने थोडा फरक पडला, खोटं कशाला बोलू), पण 24 काय दिसले नाहीत.

मग कळलं की दोष गाडीचा नव्हताच, ब्रोशरमधला आकडा रस्त्यावरचा नसतो, टेस्टमधला असतो. युरोपात 2017 पासून डब्ल्यूएलटीपी नावाची टेस्ट आहे, जुन्या टेस्टपेक्षा बरीच प्रामाणिक मानतात तिला, तर त्यात गाडी रोलरवर साधारण 23 किलोमीटर चालवतात, अर्ध्या तासात, म्हणजे सरासरी स्पीड 46 च्या आसपास, आणि एसी बंद. माझं ऑफिस 22 किलोमीटर. लागतात 65 मिनिटं, कधी 70. म्हणजे माझी सरासरी 20, आणि एसी चालू. त्या टेस्टची आणि माझी गाठ पडणारच नाही कधी.

20 च्या सरासरीला पेट्रोल जातं कुठे हे बघायला लागलो तेव्हा खरी गंमत कळली. हायवेला हवा गाडीला अडवते, स्पीड दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, म्हणून तिकडे गाडीचा आकार महत्त्वाचा. ट्रॅफिकमध्ये हवेचा काही संबंधच नाही. तिकडे तुम्ही हजार किलोचं वजन ढकलून 30 ला नेता आणि लगेच ब्रेक मारता, परत 30, परत ब्रेक, आणि प्रत्येक ब्रेकला तुमचं पेट्रोल चाकापाशी गरम होऊन हवेत जातं. वर सिग्नलला उभं राहून छोटं इंजिनसुद्धा तासाला अर्धा लिटरच्या आसपास पितंच, एसी असेल तर जास्त. सकाळी इंजिन थंड असतं तेव्हा पहिले तीन-चार किलोमीटर तर सगळ्यात महाग. एक काळ मी उतारावर गाडी न्यूट्रलला टाकायचो आणि स्वतःला फार हुशार समजायचो. नंतर समजलं की फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला तर इंजिनला पेट्रोल जवळजवळ बंदच होतं, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. म्हणजे मी ब्रेकही घासत होतो आणि पेट्रोलही जाळत होतो, वा.

अजून एक हिशोब करून बघा. महिन्याला हजार किलोमीटर धरा. 10 देणारी गाडी सोडून 12.5 ची घेतली तर शंभर लिटरचे ऐंशी होतात, 20 लिटर वाचले. 20 ची सोडून 25 ची घेतली तर पन्नासचे चाळीस, 10 लिटर. आणि 25 वरून 28 वर जाऊन? साडेचार लिटरसुद्धा नाही. पण शोरूममध्ये आपण याच शेवटच्या तीनसाठी डोकं फोडत असतो, कारण आपण लिटरला किलोमीटर असं मोजतो, शंभर किलोमीटरला किती लिटर असं मोजलं असतं तर एवढा घोळ झाला नसता.

म्हणून आता माझं मत असं झालंय की छोटी गाडी एकदा बऱ्यापैकी द्यायला लागली की पुढचा प्रश्न मायलेजचा नाहीच, रोजचे दोन-सव्वादोन तास त्या गाडीत बसून माणूस घरी कसा पोचतो हा आहे. आणि तिथे सगळ्यात आधी येतो क्लच. एका सकाळी मी क्लच किती वेळा दाबतो ते मोजायला घेतलं, दीडशेच्या पुढे सोडून दिलं, अजून अर्धा रस्ता बाकी होता. नवीन होता तेव्हा हलका होता, नंतर जड होत गेला आणि मला कळलंच नाही, डाव्या गुडघ्याला मात्र कळलं. मग ऑटोमॅटिक घ्या म्हणतात. पण त्यातही प्रकार आहेत. एएमटी म्हणजे आपलाच मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लच फक्त मशीन दाबतं, मायलेज चांगलं, पण पहिल्याचा दुसरा पडताना मान हलते, आणि ट्रॅफिकमध्ये पहिला-दुसराच चालू असतो. सीव्हीटीमध्ये ठरलेले गिअरच नसतात, म्हणून ती एकदम मऊ, पण जोरात दाबलं की इंजिन आधी ओरडतं आणि गाडी मागून येते. मला ओरडणं चालेल, मान हलणं नको.

दुसरं, पिकअप. छोटी गाडी घेणाऱ्याला पिकअप नको असतो असं कंपन्यांना का वाटतं कोण जाणे. शंभरचा स्पीड किती सेकंदात गाठते याच्याशी मला घेणंदेणं नाही, पण 15 च्या स्पीडला दुसऱ्या गिअरमध्ये गचके न खाता गाडीने उचललं पाहिजे, एसी चालू असताना, गाडीत चार माणसं असताना. मागे ट्रक आहे आणि आपण पाय दाबून वाट बघतोय, हा अनुभव ज्याने घेतलाय त्याला कळेल.

आणि गाडी छोटी असली तरी माणूस छोटा नसतो! 1959 ची ब्रिटनची मिनी घ्या, सुएझ कालव्याच्या पेचामुळे पेट्रोलची टंचाई झाली त्यातून ती आली, लांबी फक्त 3 मीटर, पण इंजिन आडवं बसवलं आणि गिअरबॉक्स त्याच्या खाली घातला, त्यामुळे जवळजवळ 80 टक्के जागा माणसांना आणि सामानाला मिळाली. जपानची केई कार (तिकडचा छोट्या गाड्यांचा वर्ग) आजही 3.4 मीटरच्या आणि 660 सीसीच्या मर्यादेत बनते आणि तरी उंच माणूस त्यात ताठ बसतो, कारण जागा वरच्या बाजूला काढलीय. उलट उदाहरण होंडाच्या पहिल्या इनसाइटचं, 1999 ची, अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, मागची चाकंसुद्धा झाकलेली, मायलेजमध्ये टोयोटाच्या प्रियसला मागे टाकायची, दोन्ही हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनच्या जोडीला बॅटरीवरची मोटर, पण सीट दोनच. खपल्या जेमतेम सतरा हजार. 1997 मध्ये आलेली प्रियस कमी देत होती पण मागे पोरं बसत होती, ती लाखोंनी गेली. लोक मायलेज विचारतात जरूर, पण त्यासाठी मागची सीट सोडत नाहीत.

बारीकसारीक मागण्या बऱ्याच आहेत. एसीला गोल फिरवायचं बटण हवं, स्क्रीनवर बोट घासत टेंपरेचर शोधताना पुढची गाडी थांबली तर काय? गाड्यांना सुरक्षेचे स्टार देणाऱ्या युरो एनकॅपने 2026 पासून पाच स्टारसाठी इंडिकेटर, वायपर, हॉर्न वगैरेला खरी बटणं मागितलीयत, एसी त्या यादीत नाही, असो. स्टेपनी हवी, दहा-पंधरा किलो वाचवायला तिच्या जागी पंक्चर किट ठेवतात, पण टायरची साइडवॉल, म्हणजे बाजू, फाटली तर ते किट घेऊन बसायचं फक्त. काच मोठी हवी, विंडशील्डच्या कडेचा खांब हल्ली इतका जाड असतो की वळताना त्यामागे अख्खी बाइक लपते (छप्पर चेपू नये म्हणून जाड करतात, मान्य आहे, तरी पण).

आता गाडी बदलायची आहे. हायब्रिडकडे मन जातंय, कारण वर म्हटलं ते ब्रेकला वाया जाणारं थोडंफार परत बॅटरीत जातं आणि सिग्नलला इंजिन बंद, म्हणजे जिथे माझी गाडी सगळ्यात वाईट देते तिथेच ती सगळ्यात चांगली देते. बॅटरीमुळे डिकी मात्र किती खाल्लीय ते वाकून बघायचं. टेस्ट ड्राइव्हला सेल्समन म्हणाला रविवारी सकाळी या सर, रस्ता मोकळा असतो. मी म्हटलं मला सोमवारी सकाळी नऊला हवीय, माझ्याच रस्त्यावर, एसी चालू ठेवून. तो म्हणाला मॅनेजरला विचारून सांगतो. अजून फोन आलेला नाही.