दुकान कशाला म्हणायचं?

परवा आईचा पुण्याहून फोन. कोथिंबीर मागवली तर आठ मिनिटांत दारात आली, हे ती बारावीचा निकाल सांगावा तसं सांगत होती. मी तेव्हा बेकरीच्या बंद शटरसमोर उभी होते. सोमवार! इतकी वर्षं पॅरिसमध्ये काढूनही महिन्यातून एकदा तरी मी हे विसरतेच.

शटरवर नेहमीचा हातानं लिहिलेला कागद. आज बंद, उद्या भेटू. आणि खाली जवळच्या दुसऱ्या बेकरीचा पत्ता. म्हणजे चक्क प्रतिस्पर्ध्याचा! एक ते चारच्या पाट्या वाचत वाढलेल्या बाईला बंद दुकानाचं काय कौतुक, पण ‘आमच्याकडे नाही, त्यांच्याकडे जा’ असं लिहून ठेवणारा दुकानदार माझ्या बालपणात नव्हता. इथे त्यालाही इतिहास आहे. पॅरिसच्या सगळ्या पाववाल्यांनी उन्हाळ्यात एकदम सुट्टीवर जायचं नाही, निम्म्यांनी जुलैत आणि निम्म्यांनी ऑगस्टमध्ये, असा राज्यक्रांतीच्या काळापासूनचा नियम होता. तो उठल्यावर 2015च्या उन्हाळ्यात त्यांना पहिल्यांदा मनासारखी सुट्टी मिळाली. शिवाय पीठ मळणं, पाव घडवणं, भाजणं हे सगळं जागेवर होत नसेल, तर ‘बुलांजरी’, म्हणजे बेकरी, ही पाटी लावता येत नाही, हा 1998चा कायदा.

शब्दांवरून भांडायची या शहराला हौसच आहे.

कारण दहा मिनिटंवाले इथेही आले होते. 2021च्या सुमारास मागच्या गल्लीतल्या एका रिकाम्या दुकानाच्या काचांना आतून कागद लागले. आत मांडण्या, बाहेर सायकलींची रांग आणि रात्री अकरापर्यंत खडखडाट. महापालिका म्हणाली, हे दुकान नव्हे, गोदाम आहे. आणि रस्त्यालगतच्या गाळ्याचं गोदाम करायला पॅरिसच्या नियमावलीत मनाई आहे. कंपन्या म्हणाल्या, आम्ही माल विकतो, मग दुकान नाही तर काय? मार्च 2023मध्ये ‘काँसेई देता’ने, म्हणजे प्रशासकीय बाबतीतल्या इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल दिला: गोदामच. कागद लावलेल्या त्या काचांमागे आज चष्म्याचं दुकान आहे.

मी राहते तो अकराव्या वॉर्डातला पोपँकूरचा भाग. वरच्या मजल्यावरच्या आजी सांगतात, एक काळ असा होता की आमच्या रस्त्यावर हजार टी-शर्ट एका फटक्यात मिळत, पण एक कांदा मिळत नसे. ओळीनं सगळे कपड्यांचे घाऊक व्यापारी, बहुतेक चिनी कुटुंबं. दारावर पाटी: किरकोळ विक्री नाही. मग 2004पासून सेमाएस्त ही शहराची कंपनी गाळे विकत घेऊ लागली. कुणी गाळा विकायला काढला की खरेदीचा पहिला हक्क तिचा असे. घ्यायचा, डागडुजी करायची आणि वाण्याला, चीजवाल्याला, पुस्तकवाल्याला भाड्यानं द्यायचा. माझ्या रोजच्या पिशवीतलं बरंच काही या धोरणाच्या कृपेनं येतं, हे मान्य.

पण एक गोष्ट खटकते. ते घाऊकवालेही छोटेच धंदेवाले होते की! नवरा, बायको, सासू, गाठोडी. शहर ‘छोट्या दुकानांना वाचवू’ म्हणतं तेव्हा कुठलं छोटं दुकान शोभतं हेही तेच ठरवतं. गार द्यू नॉर स्टेशनच्या मागे श्रीलंकन तमिळांची दुकानं आहेत. कढीपत्ता आणि कवळी भेंडी मी तिथूनच आणते. ती कुणी योजना आखून वसवलेली नाहीत. तिथले अण्णा मला बघितलं की न विचारता मिरच्या मूठभर जास्त टाकतात. सेमाएस्तने गाळे वाटले असते तर त्यांचा नंबर लागला असता का, असा विचार येतो.

तर, पुन्हा आईचा फोन. मी विचारलं, “कोपऱ्यावरचे शेठ काय म्हणतात गं?”

“बसलेले असतात,” आई म्हणाली. “परवा वीज गेली, फोनही बंद पडला, तेव्हा मी मेणबत्ती आणायला गेले होते. पैसे घेईनात. म्हणाले, वहिनी, किती दिवसांनी आलात.”

“मग?”

“मग काय, अर्धा किलो शेंगदाणे घेतले. नको होते खरं तर.”